पगारवाढीचा करार झाला तरी भांडण का उरतं? या चुका टाळा

नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात मी युनियनच्या कमिटीवर होतो. तीन वर्षांचा करार झाला, गेटवर पेढे वाटले. करारात एक ओळ होती : कामगार उत्पादनात 12 टक्के वाढ देतील. कशावर 12 टक्के, हे कोणी विचारलंच नाही. महिन्याभरात प्रेस शॉपमध्ये स्टॉपवॉच घेऊन इंजिनिअर उभा राहिला. कंपनी नव्या डायचा (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याचा) आकडा धरत होती, आम्ही जुन्या डायचा. खोटं कोणीच बोलत नव्हतं. तरी मेमो निघाले, काळ्या फिती लागल्या, आणि पेढे विसरायला झाले.

म्हणून सहीआधी मशीनवार तक्ता जोडून घ्या. कोणता पार्ट, कोणती डाय, शिफ्टला किती नग. लाइट गेली किंवा माल आला नाही तर तो वेळ कोणाच्या खात्यात. पानं वाढू द्या.

दुसरी चूक आमच्या बाजूची. ‘संप नको, सगळे मिळून रजा टाकू.’ 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत निम्मे किंवा जास्त कामगार एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजेवर गेले, तर तो संपच धरला जातो. संपाला 14 दिवसांची नोटीस लागते. सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर समेटाची बोलणी चालू असताना आणि ती संपल्यावर 7 दिवस संप करता येत नाही. टाळेबंदीलाही हेच नियम आहेत, हे मालकांनीही वाचावं.

व्यवस्थापनाची आवडती चूक म्हणजे शनिवारी संध्याकाळी बोर्डावर कागद चिकटवायचा आणि सोमवारपासून भत्ता बदलायचा. अशा बदलाला 21 दिवसांची नोटीस द्यावी लागते.

बारीक कुरबुरींकडे दुर्लक्ष नको. द्वारका चौकात कंपनीची बस अडकली, पंचिंग उशिरा झालं, अर्धा दिवस कापला. मोठ्या तंट्याचं बी बहुतेक वेळा एवढंच असतं. 20 किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती बंधनकारक आहे. ती फक्त रजिस्टरात सह्या करण्यापुरती ठेवू नका.

आणि समेट अधिकाऱ्यासमोर कोर्टासारखी भाषणं ठोकू नका. तो निकाल देत नाही, गाठ सोडवतो. त्याला दोन्ही बाजूंशी वेगवेगळं बसायला सांगा आणि तुमचा खरा शेवटचा आकडा तिथे मोकळेपणी सांगा. आम्ही तो सांगितला चौथ्या बैठकीत. तोवर पहिल्या शिफ्टचे दोघे निलंबित झाले होते.