गोळाभात: गोळे दगड होऊ नयेत म्हणून

कापूस वेचणीच्या दिवसांत वावरातून घरी येईतो दिवस मावळतो. अशा वेळी भात वेगळा, वरण वेगळं, भाजी वेगळी कोण करत बसणार? गोळाभात, म्हणजे डाळीच्या भरड्याचे गोळे भातातच वाफवलेला भात, लावला की एकाच गंजात (पातेल्यात) धान्य आणि डाळ दोन्ही शिजतात आणि सगळे पोटभर जेवतात. चार जणांना २ वाट्या तांदूळ आणि १ वाटी भरडा पुरतो.

भरडा चण्याच्या डाळीचा हवा. डाळ कोरडी, मंद आचेवर नुसती गरम होईतो भाजायची आणि गिरणीतून रवाळ काढून आणायची. पाकिटातलं बारीक बेसन चालतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्याचे गोळे चिकट होतात आणि घशाखाली उतरत नाहीत.

तांदूळ जुना एचएमटी. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून निवडून तयार केलेलं हे वाण. त्याचा भात मोकळा होतो, आणि इथे तोच लागतो. चिन्नोर तांदूळ सुवासिक खरा, पण तो वरणासोबत खा.

आता गोळे. सगळं जेवण इथेच बिघडतं, आणि मीही इथेच सगळ्यात जास्त अडले. भरड्यात तिखट, हळद, मीठ, हिंग, हातावर चोळलेला ओवा आणि बारीक चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, घाला. मग ३ मोठे चमचे फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल कडकडीत तापवून ओता. तेलात हात आखडता घेऊ नका, आणि सोडा तर अजिबात नको. गोळा आतून भुसभुशीत होतो तो या गरम तेलाच्या मोहनामुळे. तेल भरड्याला चोळून मूठ वळून बघा. मूठ टिकली, पण बोटानं दाबताच फुटली, तर मोहन बरोबर आहे.

पाणी यानंतर, तेही शिंपडून. पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मग १५ मिनिटं झाकून ठेवा. भरडा जाड असतो, तेवढ्या वेळात तो पाणी पितो. ही १५ मिनिटं वाचवली की गोळा मधोमध कच्चा राहतो आणि रात्रभर पोट धरून बसावं लागतं. मुरल्यावर लिंबाएवढे गोळे हलक्या हातानं वळा. घट्ट दाबले की आत वाफ जात नाही.

ते भातात केव्हा ठेवायचे, यावर घरोघरी वाद आहेत. माझं मत पक्कं आहे. वरचं पाणी आटून भातावर भोकं दिसू लागली की लगेच. आधी टाकले तर उकळत्या पाण्यात विरघळून भाताचं पिठलं होतं. भात पुरता कोरडा झाल्यावर ठेवले तर वाफच उरत नाही. म्हणून २ वाट्या तांदळाला पाणीही साडेचार वाट्या घ्यायचं, कारण थोडी ओल गोळे ओढून घेतात. गोळे भातात अर्धे रुतवा, जड झाकण ठेवा, चुलीतली लाकडं मागे ओढून इंगळावर, म्हणजे निखाऱ्यांवर, गंज राहू द्या. गॅस असेल तर खाली तवा आणि बारीक आच. २० मिनिटं झाकण उघडायचं नाही. कुकरची शिटी तर या भाताला लावूच नका, गोळे फुटून भात गिच्च होतो.

झालंय का ते बघायला एक गोळा फोडा. आत ओलसर पिवळी रेघ दिसली तर आणखी ५ मिनिटं.

सोबत चिंचेचं सार किंवा कढी.

ताटात गोळे भातावर कुस्करायचे आणि मोहरी, हिंग, लाल मिरचीची फोडणी पळीनं वरून गरमच घालायची. तेल कमी खायचं असेल त्यांनी तेवढ्या दिवशी दुसरं काही रांधावं. कोरडा गोळाभात घशात अडकतो.

उरलाच तर सकाळी कांद्यावर परतायचा. आधी पाण्याचा हबका मारायला विसरू नका, भरड्यानं रात्रभरात भातातली ओल ओढून घेतलेली असते.