तान्ह्या बाळाच्या अंगावरचं पुरळ खरजेचं आहे का, हे कसं ओळखावं?

पुरळ दिसलं की आपण भिंग घेऊन किडा शोधू लागतो. तो सापडत नाही. खरजेचा किडा म्हणजे माइट. त्याची मादी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते आणि त्वचेच्या वरच्या थरात बीळ करून राहते. त्यामुळे किड्याच्या मागे लागू नका. पुरळ नेमकं कुठे आहे आणि घरात आणखी कोणाला खाज सुटली आहे, ते बघा.

आधी बाळाला चांगल्या उजेडात पूर्ण उघडं करा आणि सुरुवात तळपायांपासून करा. मोठ्या माणसांना खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला होते. चेहरा आणि डोकं बहुतेक वेळा सुटतं. बाळांचं तसं नाही. त्यांच्या तळहातांवर, तळपायांवर, मानेवर, अगदी डोक्यावरही पुरळ येतं. तळपायाच्या कडेला पाणी भरलेल्या बारीक पुटकुळ्या आणि काखेत किंवा जांघेत लालसर-तपकिरी गाठी असतील, तर खरजेचा संशय धरा. मध्येच काही मिलिमीटर लांबीची करडी, नागमोडी रेघ दिसली तर ते बीळ असू शकतं. ते नखाने कोरू नका.

मग रात्री लक्ष ठेवा, कारण खाज रात्री वाढते. तान्ह्या बाळाला धड खाजवता येत नाही. ते पायावर पाय घासतं, डोकं गादीवर घासतं, दूध अर्धवट सोडतं, सारखं रडत उठतं. दात येत असतील म्हणून सोडून देऊ नका.

यानंतर बाळाला उचलून घेणाऱ्या प्रत्येकाला खाजेबद्दल विचारा. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, म्हणून खाज नसलेलाही सुटला असं समजू नका. यात लाजण्यासारखं काही नाही. खरूज अस्वच्छतेने नव्हे, त्वचेच्या जवळच्या स्पर्शाने पसरते.

पुरळ दुसऱ्या कारणांनीही येतं. घामोळ्या गार हवेत लवकर बसतात. धुळीतले माइट चावत नाहीत, त्वचेत शिरतही नाहीत. त्यांच्या ॲलर्जीने इसब वाढू शकतं. पक्ष्यांच्या घरट्यातले माइट मात्र चावतात, तेव्हा खिडकीजवळ घरटं आहे का बघा.

संशय आला की डॉक्टरांकडे जा. ते त्वचा हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासू शकतात. तोवर घरातलं स्टेरॉइडचं मलम लावू नका. पुरळाचं रूप बदलतं, माइट तसेच राहतात. मोठ्यांचं खरजेचं औषधही नको. नेहमी दिलं जाणारं पर्मेथ्रिन ५ टक्के मलम दोन महिन्यांपुढच्या बाळांसाठी आहे, त्याहून लहान बाळाचं औषध डॉक्टरच ठरवतील. पू, ताप किंवा दूध न पिणं दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

खरूज निघाली तर घरातल्या सर्वांनी एकाच वेळी औषध लावायचं आणि कपडे, पांघरुणं गरम पाण्यात धुवायची. जे धुता येत नाही ते निदान तीन दिवस पिशवीत घट्ट बांधून ठेवा. उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते; तेवढ्यावरून मनानेच पुन्हा औषध लावू नका.