वाई नुसती बघायची नाही, नीट बघायची असेल तर

पाचगणी-महाबळेश्वरला जाणारे सुरूर फाट्यावरून वळतात, वाईत चहा घेतात नि लगेच पसरणी घाट चढायला लागतात. तसं करू नका राव, अर्धा दिवस काढा.

गाडी बाजारात आणू नका, लांब कुठेतरी लावा आणि सकाळी आठच्या आत चालत नदीवर या. वाईची देवळं रस्त्याकडून बघितली तर अर्धीच कळतात, कारण हे गाव कृष्णेकडे तोंड करून बसलंय, म्हणून सुरुवात नदीच्या घाटावरूनच. ढोल्या गणपती (१७६२, गणपतराव रास्त्यांनी बांधलेला) बघताना दर्शन घेऊन लोक सरळ बाहेर पडतात, तुम्ही मात्र वळसा घालून मागे जा. मागची भिंत सरळ नाहीये, माशासारखी निमुळती होत गेलीय. पुराचं पाणी येऊन तिच्यावर फुटतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं, देवळावर थेट जोर येत नाही. एवढी एक भिंत नीट बघितलीत तरी यायचं सार्थक झालं!

शेजारीच काशीविश्वेश्वर, १७५७ चा, तिथला नंदी जवळून बघा, गळ्यातल्या माळा-घंटा सगळं दगडात कोरलंय.

मग मेणवली, वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा. आत शिरल्यावर लगेच मोबाईल काढू नका, आधी दोन मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या, मग भिंतीवरची चित्रं दिसायला लागतात. फ्लॅश अजिबात नको, रंग आधीच उडत चाललेत, आणि भिंतीला हात लावायचा नाही हे पोरांना आधीच समजावून आणा. मागच्या दिंडी दरवाजातून घाटावर उतरलात की मेणेश्वराच्या देवळाजवळ मोठी घंटा टांगलेली दिसेल. ती पोर्तुगिजांच्या चर्चमधली, १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हाची लूट. नीट बघा, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे, शंकराच्या दारात!

गावातले बाकीचे जुने वाडे लोकांची राहती घरं आहेत, त्यामुळे दारातून हाक मारायची, "काका, आत बघितलं तर चालेल का?" असं विचारायचं, नाही म्हणाले तर बाहेरूनच दगडी जोतं नि सागवानी चौकट बघून पुढे निघायचं.

पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, चपला घालून अजिबात उतरू नका, आणि नदी चढलेली असेल तर खाली जाऊच नका.