दलदलीच्या जंगलातल्या मातीत नवा जीवाणू कसा शोधावा, कसा ओळखावा

पहिल्या खेपेला मी माती पसरलेल्या प्लेटा (जीवाणू वाढवायच्या काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशा) पाचव्या दिवशीच टाकून दिल्या होत्या. पांढरट, चिकट, भराभर पसरणाऱ्या कॉलन्या, म्हणजे जीवाणूंचे पुंजके, दिसल्या, त्यातल्या सहा उचलल्या. सहाही ओळखीचे बॅसिलस निघाले. पुढच्या खेपेला एक प्लेट इन्क्युबेटरच्या मागच्या कोपऱ्यात विसरून राहिली आणि सातव्या आठवड्यात तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे गुलाबी ठिपके दिसले. तेव्हापासून मी प्लेट फेकायची तारीख तिच्यावर आधीच लिहून ठेवते, आणि ती आठ आठवड्यांच्या आतली नसते.

माती घेताना पालापाचोळा बाजूला सारा आणि त्याखालची काळी, ओली माती निर्जंतुक नळीत काठोकाठ भरा, हवा राहू देऊ नका. पाणी साचलेल्या मातीत पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरवरच ऑक्सिजन संपतो, म्हणून काही प्लेटा ऑक्सिजनविरहित जारमध्ये ठेवाव्या लागतात. नमुना थंड ठेवा, पण गोठवू नका. पीएच आणि तापमान जागेवरच मोजून वहीत लिहा. पुढे सगळं त्या दोन आकड्यांवर चालतं.

मीडियमवर, म्हणजे जीवाणूंना वाढायला दिलेल्या खाद्यावर, मात्र जीव ओतावा. दलदलीतले जीवाणू अर्धपोटी राहायला सरावलेले असतात. त्यांना पौष्टिक अगार (मीडियम घट्ट करणारी समुद्री शेवाळाची जेली) दिला की भराभर वाढणारेच सगळी जागा बळकावतात. मी आर२ए हे कमी पोषक मीडियम दहापट पातळ करते आणि पीएच मातीइतका ठेवते. पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची) माती ४ ते ५ पीएचची असेल आणि मीडियम ७ चा असेल, तर ॲसिडोबॅक्टेरियासारखे आम्लप्रिय गट बहुतेक हातचे जातात. आम्लात अगार नीट घट्ट होत नाही, तिथे त्याऐवजी जेलन गम हा घट्ट करणारा डिंक वापरा. आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली: फॉस्फेट आणि अगार एकत्र ऑटोक्लेव्ह केले (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केले) की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो आणि नाजूक जीवाणू उगवतच नाहीत. दोन्ही वेगवेगळे ऑटोक्लेव्ह करून नंतर मिसळा. बुरशी रोखायला सायक्लोहेक्झिमाइड घाला, पण हातमोजे घालूनच, ते विषारी आहे.

कॉलनी दिसली की निदान तीनदा स्ट्रीक करा, म्हणजे नव्या प्लेटवर रेघा ओढत पसरून एकेक कॉलनी वेगळी करा. हळू वाढणाऱ्यांच्या आडोशाला दुसरा कोणीतरी दडून बसतो. माझ्या गुलाबी ठिपक्याच्या पहिल्या सिक्वेन्सच्या (डीएनए वाचनाच्या) आलेखात जागोजागी दोन-दोन शिखरं आली. दोष यंत्राचा नव्हता, माझ्या कल्चरमध्ये दोघं होते. शुद्ध झालं की त्याच दिवशी २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर साठवा.

मग १६एस आरआरएनए जीन, म्हणजे जीवाणू ओळखायला वापरतात तो जीन. २७एफ आणि १४९२आर हे प्राइमर (जीनची दोन टोकं पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) घेऊन जवळपास पूर्ण, म्हणजे सुमारे १,५०० बेसचा तुकडा वाचा. ५०० बेसवर नवेपणाचा दावा करू नका. तुलना टाइप स्ट्रेनशी, म्हणजे प्रजातीच्या अधिकृत नमुना-वाणाशी करा, त्यासाठी ईझीबायोक्लाउड हा ऑनलाइन डेटाबेस सोयीचा. नुसत्या ब्लास्टमध्ये (सर्वसाधारण सिक्वेन्स-शोधात) वरच्या ओळी बहुधा कल्चर न झालेल्या, निनावी सिक्वेन्सनीच भरतात. साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल तर प्रजाती नवी असण्याची शक्यता दाट, ९४.५ च्याही खाली गेलं तर कदाचित वंशच नवा. पण आकडा वर आहे म्हणून स्ट्रेन टाकून देऊ नका. बॅसिलस ग्लोबिस्पोरस आणि बॅसिलस सायक्रोफिलस (दोघेही आता स्पोरोसार्सिना वंशात आहेत) यांचं १६एस साम्य ९९.५ टक्क्यांहून जास्त, तरी प्रजाती दोन.

निकाल लावतो तो पूर्ण जिनोम. जवळच्या टाइप स्ट्रेनशी एएनआय (दोन जिनोममधलं सरासरी साम्य) ९५-९६ टक्क्यांच्या खाली आणि डिजिटल डीएनए-डीएनए हायब्रिडायझेशन (संगणकावर काढलेलं दुसरं जिनोम-साम्य) ७० टक्क्यांच्या खाली असेल, तर दावा भक्कम. जिनोममधला १६एस तुमच्या आधीच्या सिक्वेन्सशी जुळतो का, हेही बघा. नळ्यांची अदलाबदल तिथेच उघडी पडते.

यानंतर येतं ते कंटाळवाणं काम, स्ट्रेनचे गुणधर्म नोंदायचं: पेशीतले फॅटी ॲसिड, क्विनोन, पोलर लिपिड, कोणती साखर वापरतो, किती मीठ सोसतो. नात्याने जवळच्या प्रजातींचे आकडे जुन्या पेपरमधून उचलू नका. फॅटी ॲसिड मीडियम, तापमान आणि कल्चरच्या वयानुसार बदलतात. टाइप स्ट्रेन मागवा आणि आपल्या स्ट्रेनसोबत, त्याच मीडियमवर वाढवा.

नाव वैध व्हायला टाइप स्ट्रेन दोन वेगळ्या देशांतल्या दोन कल्चर संग्रहांत जमा करावा लागतो, आणि वर्णन आयजेएसईएम या जीवाणू-वर्गीकरणाच्या नियतकालिकात यावं लागतं; इतरत्र छापलं तर त्यांच्या वैधता यादीत नाव घालावं लागतं. एका संग्रहाने माझी नळी ‘वाढत नाही’ म्हणून परत पाठवली होती. अर्जात मीडियमचं नाव होतं, पीएच लिहायचा मीच विसरले होते.

शेवटी लॅटिन व्याकरण. दलदलीतला म्हणून ‘पॅलुस्ट्रिस’ ठेवायचं असेल तर आधी वंशनामाचं लिंग बघा: ‘-बॅक्टेरियम’ नपुंसकलिंगी, तिथे ‘पॅलुस्ट्रे’ होतं. माझ्या गुलाबी ठिपक्याच्या हस्तलिखितात परीक्षकाने पहिली दुरुस्ती हीच सुचवली होती.