आलीशानचा ऊलाँग उघडण्याआधी

रविवारी सकाळी पुडी फोडायची, तर तयारी शनिवारी रात्रीच सुरू करा. हा ऊलाँग चहा तैवानच्या आलीशान डोंगरातला, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच मळ्यांतला. त्यात फूल एकही घातलेलं नसतं. खुडलेली पानं सुकत असताना ती पुन्हा पुन्हा हलवतात, कडा खरचटतात, आणि तिथून तो फुलांचा वास तयार होतो. म्हणून पुडी मिसळणाच्या डब्यापासून लांब हवी. मी एकदा ती हिंगाच्या डबीशेजारी ठेवली आणि पुढचे पंधरा दिवस फोडणीचा चहा प्यायलो.

पाणी रात्रीच भरून ठेवा. बोअरचं जड पाणी वास दाबतं, आणि अजिबात क्षार नसलेल्या पाण्यात चहा मिळमिळीत लागतो. माझ्याकडे आरओचं आणि नळाचं निम्मं-निम्मं चालतं.

सकाळी दात घासून अर्धा तास जाऊ द्या. उदबत्ती नंतर, कांदेपोहे त्याहून नंतर. अगदी रिकाम्या पोटी काहींना मळमळतं, त्यांनी चतकोर भाकरी खाऊन घ्यावी.

भांडी थोडीच लागतात: शंभर मिलिलिटरची झाकणाची चिनी वाटी, म्हणजे गायवान, ओतून घ्यायला छोटा जग, लहान पेले आणि वजनकाटा. काटा टाळू नका, चमचा इथे हमखास फसवतो. पानं घट्ट वळून त्यांच्या गोळ्या केलेल्या असतात. पाच-सहा ग्रॅम म्हणजे जेमतेम तळ झाकतो. ‘एवढंच?’ म्हणून आणखी टाकाल, तर त्याच पानांवर तिसऱ्यांदा पाणी ओताल तेव्हा ती फुगून झाकण बसणार नाही.

पाणी साधारण 95 अंशांचं हवं. मुंबईत उकळल्यावर मिनिटभर थांबा. महाबळेश्वरला ते 95-96 अंशांवरच उकळतं, तिथे थांबायचं कारण नाही. आधी वाटी गरम पाण्याने विसळा, मग कोरड्या गोळ्या टाकून झाकण लावा, दोनदा हलवा आणि हुंगा. पाणी काठाच्या जरा खालीच ठेवा, नाहीतर ओतताना बोटं भाजतात.

पहिलं पाणी पाऊण मिनिट. दुसरं मात्र कमी, अर्धंच मिनिट, कारण तोवर गोळ्या सैल झालेल्या असतात. पुढे दर वेळी दहा-पंधरा सेकंद वाढवत पाच-सहा पाणी सहज निघतात. दूध-साखर कपाटातच राहू दे. घोट फुर्र करून ओढा. घरचे हसतील, पण वास नाकाच्या मागून चढतो तो तसाच. रिकामा झालेला जगही हुंगून बघा, गरम असताना एक आणि निवल्यावर वेगळाच वास येतो.

शेवटी वाटीतली एक उलगडलेली गोळी बशीत पसरा. एकाच देठाला दोन-तीन पानं सापडतील, मधे हिरवीगार, आणि खरचटलेल्या कडेला किंचित तांबूस.