कॉफीने ॲसिडिटी होते? काय बदलायचे आणि कोणत्या क्रमाने

कॉफी जिभेला आंबट लागते ही एक तक्रार, आणि ती प्यायल्यावर छातीत जळजळते ही दुसरी. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. काळ्या कॉफीचा पीएच (हा आकडा जितका कमी, तितके आम्ल तीव्र) साधारण ५ असतो. संत्र्याच्या रसाचा ३.५ च्या आसपास, तर जठरातल्या आम्लाचा १.५ ते २. म्हणजे कॉफीतले आम्ल जठराच्या मानाने अगदीच सौम्य. त्रास होतो तो कॉफीतल्या कॅफीनसारख्या घटकांमुळे जठर जास्त आम्ल स्रवते म्हणून. शिवाय अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडली, तर ते आम्ल वर येते.

जळजळ होत असेल, तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलाला चार-पाच दिवस द्या. सगळे एकदम बदलले, तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

१. आधी वेळ आणि प्रमाण. उपाशीपोटी त्रास होत असेल, तर कॉफी खाण्यानंतर घ्या. मोठ्या मगऐवजी १५० मिलिलिटरचा कप वापरा. कॉफी पिऊन लगेच आडवे होऊ नका, दोन-तीन तास जाऊ द्या. निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफीन ही वरची मर्यादा मानतात, गरोदरपणी २००. फिल्टर कॉफीच्या २४० मिलिलिटर कपात सुमारे ९५ मिलिग्रॅम असते. जळजळ मात्र या आकड्यांच्या बरीच आधी सुरू होऊ शकते.

२. मग बिया. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती. रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन असते, म्हणून निव्वळ अरेबिका घेऊन पाहा. रोस्ट डार्क निवडा. जास्त भाजल्याने क्लोरोजेनिक आम्ले मोडतात आणि एन-मिथाइलपिरिडिनियम नावाचे संयुग वाढते. ते आम्लस्राव कमी करते, असे प्रयोगांत दिसले आहे. डिकॅफवर मात्र सगळी भिस्त ठेवू नका. कॅफीन काढलेली कॉफीसुद्धा जठराला चाळवते, फक्त कमी.

३. शेवटी कोल्ड ब्रू. ८० ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी ६४० मिलिलिटर गार पाण्यात घाला, झाकून फ्रिजमध्ये १४ ते १६ तास ठेवा आणि कागदी फिल्टरने गाळा. पिताना तेवढेच पाणी किंवा दूध मिसळा. पीएच गरम कॉफीइतकाच येतो, पण एकूण आम्ले कमी उतरतात. न मिसळता प्यायलात, तर कॅफीन भरपूर जाईल आणि सगळा खटाटोप वाया.

तक्रार फक्त आंबट चवीची असेल, तर दोष बहुधा गाळण्यात आहे. गरम पाण्यात आम्ले आधी उतरतात, गोडवा आणि कडवटपणा नंतर. पाणी कोमट, दळण जाड किंवा वेळ अपुरा असला की कप आंबट होतो. १५ ग्रॅम कॉफीला २४० मिलिलिटर पाणी घ्या, तापमान ९२ ते ९६ अंश सेल्सिअस ठेवा आणि पाणी ओतून गाळण्याला तीन ते चार मिनिटे द्या. तरीही आंबट लागली, तर दळण एक पायरी बारीक करा. तयार कॉफी तासन्‌तास गरम प्लेटवर ठेवू नका, तिच्यात क्विनिक आम्ल वाढते.

चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की आंबटपणा जातो खरा, पण कॅफीन तेवढेच राहते आणि सोडियम वाढते. रक्तदाब असणाऱ्यांनी या वाटेला न गेलेले बरे.

दातांचे एनॅमल साधारण ५.५ पीएचच्या खाली झिजू लागते. म्हणून एकच कप तासभर घोट-घोट पीत बसू नका. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा आणि ब्रश अर्ध्या तासाने करा.

गिळताना अडकणे, काळी शौच किंवा कारणाशिवाय वजन घटणे यांपैकी काहीही दिसले, तर कॉफीचे प्रयोग थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. हे सारे नसले, तरी आठवड्यातून दोन-तीनदा जळजळ होतच असेल, तर तपासून घ्या.