बहाई पवित्र लेखनाची सामूहिक ऑनलाइन निर्देशसूची कशी उभारावी

बहाई धर्माच्या ग्रंथांत एखादा शब्द शोधणे आता अवघड राहिलेले नाही, कारण मुख्य ग्रंथ इंग्रजी, फारसी आणि अरबी भाषांत इंटरनेटवर उपलब्ध आहेत. मात्र विषय शोधायचा असेल तर शब्दशोध अपुरा पडतो. परनिंदेचेच उदाहरण घ्या. ‘किताब-ए-अक्दस’ या बहाई नियमग्रंथाच्या १९व्या परिच्छेदात हत्या आणि व्यभिचार यांच्या बरोबरीने परनिंदेलाही नावानिशी मनाई केलेली आहे, त्यामुळे ती जागा लगेच सापडते. ‘कलिमात-ए-मकनूना’ (गूढ वचने) या वचनसंग्रहाच्या अरबी भागातील २६वे आणि २७वे वचन त्याच विषयाचे असूनही त्यांत तो शब्द येत नाही. स्वतःचे दोष विसरून दुसऱ्याच्या दोषांत गुंतणाऱ्याला एकात जाब विचारला आहे, तर आपण स्वतः पापी असताना इतरांच्या पापांची वाच्यता करू नये, असे दुसऱ्यात बजावले आहे. अशा जागा वाचून एका शीर्षकाखाली आणणे, म्हणजेच निर्देशसूची करणे, हे माणसाचे काम आहे, आणि लेखनाचा विस्तार पाहता ते अनेकांनी वाटून घेतले तरच पूर्णत्वाच्या जवळ जाईल.

सुरुवात लहान ग्रंथाने करावी. ‘कलिमात-ए-मकनूना’त ७१ अरबी आणि ८२ फारसी वचने आहेत, ती छोटी, स्वतंत्र आणि क्रमांकित असल्यामुळे नव्या सहकाऱ्यांचा हात बसण्यास सोयीची आहेत. त्यावर पद्धत पक्की झाली की ‘अक्दस’ आणि धर्मतत्त्वांचे विवेचन करणारा ‘ईकान’ यांसारख्या सलग ग्रंथांकडे वळावे.

सूचीत काय घ्यायचे, हे आधीच लेखी ठरवावे. धर्माचे अग्रदूत बाब, संस्थापक बहाउल्लाह आणि त्यांचे पुत्र अब्दुल बहा यांचे लेखन पवित्र मानले जाते. अब्दुल बहांचे नातू आणि उत्तराधिकारी शोगी एफेंदी यांचे लेखन अधिकृत विवेचन असले, तरी त्याचा दर्जा वेगळा आहे. खरी गुंतागुंत अब्दुल बहांच्या भाषणांत आहे. १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मुफावजात’ या संग्रहातील संभाषणे त्यांनी स्वतः तपासली होती, पण १९११ ते १९१३ या काळात युरोप-अमेरिकेत दिलेल्या अनेक भाषणांचे केवळ तत्कालीन इंग्रजी टिपण हाती आहे. यात्रेकरूंनी नोंदवलेल्या आठवणी तर धर्मग्रंथात मोडतच नाहीत. म्हणून प्रत्येक नोंदीला ‘प्रामाण्य’ हा रकाना असावा आणि तो रिकामा ठेवता येऊ नये. हा एक रकाना गाळला, तर सूची जितकी मोठी होईल तितकी ती अधिक दिशाभूल करील, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर पत्त्याचा, म्हणजे उतारा नेमका कोठे आहे हे सांगण्याचा, प्रश्न येतो. पृष्ठक्रमांकावर कधीही विसंबू नये, कारण ते आवृत्तीनुसार बदलतात. ‘अक्दस’ १८९०-९१ च्या सुमारास मुंबईत छापला गेला, पुढे इतरत्रही छापला गेला, आणि १९९२ साली त्याचे अधिकृत इंग्रजी भाषांतर आले. या सर्वांची पाने जुळणे शक्यच नाही. १९९२ च्या आवृत्तीतील १९० क्रमांकित परिच्छेद आणि पुरवणीतील १०७ प्रश्नोत्तरे हाच ‘अक्दस’साठी टिकाऊ पत्ता होय. वारसाहक्काची नोंद करताना २०व्या परिच्छेदापासून सुरू होणाऱ्या मजकुराबरोबरच त्यासंबंधीची प्रश्नोत्तरेही जोडावीत, कारण मूळ नियमाचा तपशील तेथे उलगडतो. ‘कलिमात-ए-मकनूना’चा पत्ता देताना अरबी की फारसी हे लिहिलेच पाहिजे, नुसते ‘वचन २६’ म्हटले तर दोन जागा निघतात.

विषयशीर्षकांची एक मान्य यादी ठेवावी आणि नवे शीर्षक चर्चेशिवाय त्यात घालू देऊ नये. ‘चहाडी’, ‘निंदा’, ‘गीबत’ हे शब्द शोधणाऱ्याला ‘परनिंदा पाहा’ असे वळवावे, आणि ‘जिभेचा संयम’ यासारख्या शेजारच्या विषयांना ‘हेही पाहा’ने जोडावे. शीर्षकात मतप्रदर्शन नको. बहाई परंपरेत अधिकृत अर्थ लावण्याचा अधिकार अब्दुल बहा आणि शोगी एफेंदी यांनाच दिलेला असल्याने सूचीकाराने जागा दाखवावी, निवाडा करू नये. ‘परनिंदा’ हे शीर्षक चालेल, ‘परनिंदा सर्वांत मोठे पाप का आहे’ हे चालणार नाही.

साधनांच्या निवडीत फार वेळ घालवू नये. दहा-बारा जणांच्या गटाला सामायिक स्प्रेडशीट पुरते. सहभाग वाढला की प्रत्येक बदलाचा इतिहास जपणारे मीडियाविकी (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) बरे. एकाने नोंद करावी आणि दुसऱ्याने मूळ मजकूर उघडून ती पडताळावी. पडताळणीपूर्वी ती ‘कच्ची’ म्हणूनच दिसावी. अरबी किंवा फारसी वाचणारा निदान एक तपासनीस गटात असावा, कारण निव्वळ भाषांतरावर केलेली सूची भाषांतरकाराच्या शब्दनिवडीची सूची ठरण्याचा धोका असतो.

लिपीकडे दुर्लक्ष करणाऱ्यांना शोधपेटी पुढे फार त्रास देते. अरबी आणि फारसी कळफलकांवरील ‘काफ’ आणि ‘ये’ दिसायला जवळपास सारखे असले, तरी संगणकाच्या लेखी निराळे असतात. देवनागरीतील नुक्ता असलेला ‘क़’सुद्धा युनिकोड या संगणकीय अक्षरसंकेतात दोन प्रकारे साठवला जातो. त्यामुळे साठवण्यापूर्वी सर्व मजकूर एकाच रूपात आणावा. ‘बहाउल्ला’ आणि ‘बहाउल्लाह’ ही दोन्ही रूपे शोधात चालावीत. इंग्रजी लिप्यंतरातील स्वरचिन्हे शोधताना दुर्लक्षिली जातील, अशीही सोय करावी.

नोंदीत संपूर्ण उतारा चिकटवू नये. एका ओळीत आपल्या शब्दांत आशय, पत्ता आणि अधिकृत मजकुराचा दुवा एवढे पुरेसे आहे. त्यामुळे स्वामित्वहक्काचा प्रश्न टळतो आणि वाचक मूळ मजकुराकडे जातो. संपूर्ण सूची साध्या सारणीच्या रूपात कोणालाही उतरवून घेता येईल अशी ठेवावी आणि तिच्या वापराचा परवाना पहिल्याच दिवशी जाहीर करावा. शेकडो जणांनी नोंदी केल्यावर प्रत्येकाची संमती मिळवणे जवळजवळ अशक्य होते.